पुंगळी तापते, पण डीएनए जळतोच असं नाही: नवीन लोकांसाठी पायरीपायरीने

खानापूरकडं रानडुकरावर बार काढलेला असो की शहरात कुठं गावठी कट्ट्यातून गोळी सुटलेली असो, रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं मागं उरलेलं कवच, सापडली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आत एवढा जाळ होतो, बोटाचं काय राहणार ओ त्याच्यावर?" ठाण्यात लोक हेच म्हणतात, वकील म्हणतात, पंच म्हणून बोलावलेले गावकरी पण म्हणतात, आणि मग ती पुंगळी फक्त बॅलेस्टिकला, म्हणजे कुठल्या बंदुकीतून सुटली ते बघणाऱ्यांकडं, जाते, डीएनए बघा असं पत्रात कुणी लिहीतच नाही. मला हे फार खुपतं. कारण पुंगळीवरचा डीएनए बऱ्याचदा मिळत नाही हे खरं आहे, पण तो न मिळण्याचं मुख्य कारण गोळीची उष्णता नाही, आणि खरं कारण कळलं नाही तर जे हातात असतं ते पण आपण घालवून बसतो.

हे मी लिहितोय ते सोको, म्हणजे गुन्ह्याच्या जागेवरचा पुरावा गोळा करणारे अधिकारी, म्हणून नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी, बेळगाव-निपाणी-चिकोडीकडून धारवाडला फोरेन्सिक शिकायला जाणाऱ्यांसाठी, नवीन हवालदार आणि ज्युनियर वकिलांसाठी, आणि उद्या कुणी अचानक पंच म्हणून बोलावलं तर काय बघायचं हे ज्यांना कळायला हवं त्या सगळ्यांसाठी. केमिस्ट्री फार येत नसेल तरी चालेल.

पहिली पायरी: पुंगळीला कुणाचा हात कधी लागला ते आधी ठरवा

काडतुसाचे भाग चार. पुढं गोळी किंवा छर्रे, आत दारू, मागं टोपी म्हणजे प्रायमर, आणि हे सगळं धरून ठेवणारी पुंगळी. पिस्तुलाची पुंगळी बहुतेक वेळा पितळेची असते, त्यात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे तांबं लक्षात ठेवा, सगळी गोष्ट पुढं तिथंच जाणार आहे.

आता हात. मॅगझिनवाल्या पिस्तुलात काडतूस भरताना अंगठ्याने दाबून एकेक आत सारावं लागतं, स्प्रिंग जोरात असते, त्यामुळं पुंगळीच्या अंगावर अंगठ्याचा घाम, चामडीच्या पेशी, तेलकटपणा चांगला घासला जातो. गोळी सुटल्यावर पुंगळी आपोआप बाहेर उडते, तिला परत हात लागत नाही. म्हणजे इथं जो डीएनए आहे तो गोळी सुटायच्या आधीचा, त्याने उष्णता सोसलेली असते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या आतच राहतात, नंतर कुणीतरी हाताने नाहीतर रॉड दाबून काढतं. आणि एकबारी गावठी कट्टा किंवा मोडून भरायची बारा बोअर बंदूक असेल तर बऱ्याचदा रिकामी पुंगळी माणूस बोटाने ओढून काढतो आणि टाकतो. तो स्पर्श गोळी सुटल्यानंतरचा! त्या डीएनएला चेंबरमधली, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेतली, उष्णता लागलेलीच नसते. आपल्या भागात पिकाच्या राखणीसाठी परवान्याच्या बारा बोअर बंदुका आहेत आणि गुन्ह्यांत गावठी कट्टे सापडतात, तेव्हा "जाळात गेलं" म्हणून सोडून द्यायच्या आधी हत्यार कुठल्या जातीचं होतं एवढं तरी विचारा. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष ह्याच प्रश्नाकडं होतं.

दुसरी पायरी: उष्णतेचा हिशोब स्वतः करून बघा

हा हिशोब कागदावर पाच मिनिटांचा आहे, आणि एकदा केला की "जळून गेलं" हे वाक्य परत तोंडात येत नाही.

९ एमएमच्या काडतुसात दारू साधारण ०.३५ ग्रॅम. असली दारू एका ग्रॅमला अंदाजे ४००० ज्यूल ऊर्जा देते, म्हणजे सगळी मिळून १४०० ज्यूलच्या आसपास. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने निघाली तर तिनेच पाचशेच्या वर ज्यूल नेले. राहिलेल्यातलं बरंचसं गरम वायूबरोबर नळीच्या तोंडातून बाहेर जातं, काही नळीत मुरतं, थोडं पुंगळीला मिळतं. पुंगळीचं वजन साधारण ४ ग्रॅम आणि एक ग्रॅम पितळ एक अंशाने तापवायला ०.३८ ज्यूल लागतात, म्हणजे सगळी पुंगळी ५० अंशांनी वर न्यायची तर ७६ ज्यूल पुरे झाले, एकूण ऊर्जेच्या पाचेक टक्के. आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं हे खरं, दाब पण प्रचंड असतो, ९ एमएमसाठी कमाल मर्यादाच २३५० बार धरलेली आहे, पण गोळी नळीतून बाहेर पडायला एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात दाब उतरतो.

बाहेरच्या अंगाला तर अजून कमी. पुंगळीची भिंत पातळ आहे, आतली उष्णता बाहेर यायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात, आणि दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या थंड स्टीलला चिकटलेली असते, ते स्टील उष्णता खेचून घेतं. ९ एमएमच्या पुंगळीचं बाहेरून जे मोजमाप छापून आलंय त्यात आकडा साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या आसपासच आहे. रायफलचं वेगळं, तिथं दारू कितीतरी जास्त, पुंगळी जास्त तापते, आणि लागोपाठ फायर करून चेंबरच तापलेलं असेल तर त्यात बसून राहिलेलं काडतूस पण भाजून निघतं. त्यामुळं पिस्तुलाचा आकडा उचलून रायफलला चिकटवू नका.

इथं आपल्याकडचे माजी सैनिक लगेच हरकत घेतात, आणि बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, घराघरात फौजी. "रेंजवर शेजाऱ्याची पुंगळी कॉलरमधनं आत पडली की चरचर भाजतंय, आणि तुम्ही साठ अंश म्हणता?" त्यांचं पण बरोबर आहे. एक तर ते रायफलच्या पुंगळीबद्दल बोलतात. दुसरं म्हणजे धातू साठ-सत्तर अंशांचा असला तरी चामडीला चिकटून राहिला की दोन-चार सेकंदांत भाजतो, कारण पितळ उष्णता झपाट्याने देतं. चामडी भाजायला जेवढं तापमान लागतं त्याच्या मानाने डीएनए मोडायला फार जास्त लागतं.

किती लागतं? डीएनएच्या दोन पट्ट्या नव्वद-पंचाण्णव अंशांना सुट्या होतात, पण सुट्या होणं म्हणजे तुटणं नव्हे. प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया, करताना आपण स्वतःच डीएनए ९५ अंशांवर नेतो, प्रत्येक फेरीत नेतो, आणि काही किटांमध्ये सुरुवातीलाच ११ मिनिटं ९५ अंशांवर ठेवतो! त्यातून वाचलेल्या डीएनएवरच सगळी प्रोफाइल, म्हणजे माणूस ओळखायची आकड्यांची यादी, उभी राहते. कोरड्या डीएनएचे तुकडे व्हायला शंभरच्या बऱ्याच वर जावं लागतं आणि तिथं काही वेळ थांबावं लागतं. चुलीपाशी भाकरी करणारी बाई तापलेल्या तव्यावर ओला हात फिरवते आणि तिला काही होत नाही, कारण हात तिथं थांबत नाही, पुंगळीवरच्या पेशींचं पण तसंच, तापमान किती यापेक्षा किती वेळ हे जास्त महत्त्वाचं.

म्हणून गोळी सुटल्याने काहीच बिघडत नाही असं मात्र मी म्हणत नाहीय. बऱ्याच प्रयोगांत फायर केलेल्या पुंगळीवर न फायर केलेल्यापेक्षा डीएनए कमी मिळालाय. पण त्यात उष्णतेचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे, कारण त्याच क्षणी पुंगळी चेंबरच्या भिंतीवर दाबली जाते, एक्स्ट्रॅक्टरने म्हणजे पुंगळी बाहेर खेचणाऱ्या हुकाने ओढली जाते, मागून येणाऱ्या वायूचा मारा बसतो, काजळी आणि प्रायमरचे शिसं-बेरियमचे कण चिकटतात, घासून पेशी जातात. ह्यातलं घासणं मला उष्णतेइतकंच मोठं वाटतं.

कॉलेजात प्रयोग करून बघायचा असेल तर काडतूस किंवा पुंगळ्या गोळा करत फिरू नका, आर्म्स ॲक्ट १९५९ च्या भानगडीत अडकाल. हार्डवेअरच्या दुकानात पितळी नळीचा तुकडा मिळतो तो घ्या, आतून गरम हवेचा झोत द्या आणि बाहेरून थर्मोकपल चिकटवून तापमान बघा. इन्फ्रारेड बंदुकीवाला थर्मामीटर चकचकीत पितळावर चुकीचा, फार कमी आकडा दाखवतो, कारण चकाकणारा धातू किरण फार कमी सोडतो, त्यासाठी तेवढ्या जागेवर काळा मॅट रंग नाहीतर काळी टेप लावून घ्या.

तिसरी पायरी: खरा शत्रू ओळखा, तांबं

आता मुद्द्यावर येऊ. पितळाला घाम लागला की मीठ आणि ओलावा मिळून धातू गंजायला लागतो, तांब्याचे आयन सुटतात. ते दोन ठिकाणी नुकसान करतात. एक, ओलाव्यात आणि ऑक्सिजनच्या संगतीने ते अतिशय चपळ रेणू तयार करतात आणि ते डीएनएच्या पट्ट्या तोडतात. दोन, हेच तांबं स्वॅबबरोबर, म्हणजे नमुना पुसून घ्यायच्या कापसाच्या काडीबरोबर, नळीत गेलं की पीसीआरचं एन्झाइमच अडवून धरतं, म्हणजे डीएनए असतो पण मशीनला दिसत नाही. आणि हे काम गोळी सुटल्यावर थांबत नाही, पुंगळी गवतात पडलेली असताना, खिशात, पाकिटात, मुद्देमालाच्या खोलीत, सगळीकडं चालू राहतं. न फायर केलेल्या पितळी काडतुसावर पण दिवसागणिक डीएनए खराब होत जातो, तिथं तर उष्णता कुठंच नव्हती! ह्याच्यापेक्षा सरळ पुरावा काय पाहिजे.

घाम पितळाला खातो ह्याचा एक फायदा पण आहे. ब्रिटनमध्ये जॉन बाँड यांनी २००८ च्या सुमारास दाखवलं की बोटाचा ठसा पुसला गेला तरी घामाने पितळावर जो गंज कोरला जातो तो उष्णतेने अजून पक्का होतो आणि नंतर उठवता येतो. म्हणजे तीच उष्णता ठशाच्या बाजूने काम करू शकते.

निकेलचा मुलामा दिलेली पुंगळी असेल तर तांब्याचा त्रास कमी, निकाल बरा येतो. बारा बोअरची पुंगळी तर वरून प्लास्टिकची, फक्त बूड धातूचं, मग प्लास्टिकच्या अंगाचा नमुना आणि धातूच्या बुडाचा नमुना वेगवेगळा घ्यायचा, एकाच स्वॅबने दोन्ही पुसलं तर बुडाचं तांबं प्लास्टिकवरचा चांगला डीएनए पण बिघडवतं.

मुळात डीएनए किती असतो तेही कळू दे. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम. एसटीआर किटला, म्हणजे प्रोफाइल काढायच्या संचाला, आरामात चालायला अर्धा ते एक नॅनोग्रॅम, म्हणजे ५०० ते १००० पिकोग्रॅम, पाऊणशे ते दीडशे पेशींचा डीएनए लागतो. पुंगळीवर बऱ्याचदा ह्यापेक्षा कितीतरी कमी असतो. नेदरलँड्सच्या फोरेन्सिक इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये आपले आकडे छापले होते, ६१६ गुन्ह्यांतल्या ४०८५ पुंगळ्या, काडतुसं आणि गोळ्या तपासल्या, त्यातल्या १६३ गुन्ह्यांत वापरता येईल अशी प्रोफाइल मिळाली, म्हणजे चारात एक गुन्हा. पण एकेक वस्तू धरली तर शंभरात सातच. ह्या दोन आकड्यांचा अर्थ नीट बघा, एका पुंगळीने काही निघालं नाही तरी त्याच जागेवरच्या सगळ्या पुंगळ्या पाठवल्या तर गुन्ह्यात काहीतरी हाती लागायची शक्यता कितीतरी वाढते. म्हणून जागेवर पाच पुंगळ्या असतील तर पाचही पाठवा, "एक नमुना पुरे" असं नको.

चौथी पायरी: जागेवर

तुम्ही पोलीस नसाल, शेतात-रस्त्यात पुंगळी दिसली, तर हात लावायचा नाही, उचलून घरी आणायची तर अजिबातच नाही, ११२ ला फोन लावा आणि जनावरं-पोरं तुडवणार नाहीत एवढं बघा. पाऊस यायला लागला तर बादली किंवा टोपली उपडी घाला, पुंगळीला न शिवता. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस सुरू झाला की थांबत नाही, आणि पाण्याने पेशी पण धुऊन जातात, गंज पण वाढतो, त्यामुळं पावसाळ्यात इथला सगळा खेळ तासांचा असतो.

तपासाला आलेल्यांसाठी:

आधी फोटो, अंतरं, स्केच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर यायचं आणि व्हिडिओ करायचा असं ठरलंय, कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, राज्यांना पूर्ण अंमलाला पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. तज्ज्ञ यायला वेळ असेल तर तोवर राखण करा, घाईने गोळा करू नका, पण पाऊस किंवा गर्दी असेल तर थांबणं पण बरोबर नाही, तेव्हा खालच्या पद्धतीने उचलाच.

मास्क लावा. ग्लोव्हज दोन थरांचे, आणि वरचा थर प्रत्येक पुंगळीला नवीन. पुंगळीवर वाकून बोलू नका, थुंकीचे बारीक तुषार पण डीएनएच असतात आणि इतक्या कमी डीएनएच्या वस्तूवर तुमची प्रोफाइल आरोपीच्या वर चढून बसते. उचलायला वापरून फेकायची प्लास्टिकची चिमटी घ्या आणि अंगाला न धरता बुडाच्या कडेला नाहीतर तोंडाच्या कडेला हलकं धरा. पुंगळीच्या तोंडात पेन घालून उचलायची सवय मी अजून बघतो, कृपा करून सोडा, आतली काजळी आणि खुणा दोन्ही बिघडतात. आणि तोंडाने फुंकून माती उडवणं तर नकोच नको.

माती लागलेली असेल तर तशीच राहू दे, पुसू नका. खानापूर बाजूची तांबडी माती असो की बैलहोंगलची काळी, मातीतलं ह्युमिक ॲसिड पण पीसीआर अडवतं, पण ते काढायचं काम प्रयोगशाळेचं. तुम्ही पुसाल तर मातीबरोबर पेशी पण जातील.

जागेवर स्वॅब घ्यायचा का? शक्यतो नाही. पुंगळी अख्खी पाठवा. लांबून पाठवायला बरेच दिवस लागणार असतील आणि तज्ज्ञ सोबत असेल तरच विचार करा, मग एक ओला स्वॅब, लगेच एक कोरडा, दोन्ही सावलीत वाळवून, आणि त्याच पाण्यात बुडवलेला एक न वापरलेला स्वॅब कंट्रोल म्हणून सोबत. तो कंट्रोल नसेल तर कोर्टात पाण्यावरच प्रश्न उभा राहतो.

पंचांसाठी एक महत्त्वाचं, आणि हे सीमाभागातल्या आपल्या लोकांना मुद्दाम सांगतो. पंचनामा कन्नडात लिहिला जाणार, कित्येक पंच मराठीच वाचणारे. सही करायच्या आधी पूर्ण वाचून मराठीत समजावून मागा, तो तुमचा हक्कच आहे. पुंगळ्या किती, बुडावर काय अक्षरं-आकडे कोरलेत (खडकीच्या कारखान्याच्या मालावर बऱ्याचदा 'केएफ' असतं), कुठल्या पाकिटात कुठली गेली, कुणी ग्लोव्हज घातले होते, एवढं तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं आणि कागदावर लिहिलेलं एकच आहे का ते पडताळा. वर्षांनी साक्षीला उभं राहाल तेव्हा हेच विचारतात.

पाचवी पायरी: पाकीट

प्रत्येक पुंगळी वेगळ्या कागदी पाकिटात नाहीतर छोट्या पुठ्ठ्याच्या डबीत, आत हलणार नाही अशी. प्लास्टिकची झिपवाली पिशवी दिसायला बरी वाटते, पण ओलावा आत अडकतो आणि मग तांबं आणि बुरशी दोघांचंही काम सोपं होतं. ओली असेल तर आधी सावलीत, स्वच्छ कागदावर, पंख्याच्या थेट वाऱ्यात न ठेवता वाळवा, उन्हात ठेवू नका, उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण डीएनएला गोळीच्या उष्णतेपेक्षा वाईट. मे महिन्यात जीपच्या डॅशबोर्डवर पाकीट तासन्‌तास तापत ठेवणं हे पण तसंच, चेंबरमधल्या काही मिलिसेकंदांची काळजी करायची आणि गाडीतल्या चार तासांची नाही, असं होऊ नये.

सील लावताना लाखेचा गरम थेंब आणि जीभ दोन्ही लांब ठेवा, पाकिटाची कड जिभेने ओली केली की तुमचा डीएनए पुराव्याच्या दारात पोचला. ज्यांनी ज्यांनी पुंगळी हाताळली त्यांची नावं लिहा, वगळणीसाठी त्यांचे नमुने लागू शकतात. आणि मुद्देमालाच्या खोलीत महिनोन्‌महिने पडू देऊ नका. पितळावर वेळ फुकट जात नसतो, तो डीएनए खात असतो.

सहावी पायरी: पत्रात काय मागायचं आणि आधी कुणाकडं

क्रम फार महत्त्वाचा आहे. डीएनएचा नमुना आधी, मग ठसे उठवण्याची रसायनं, मग बॅलेस्टिकची तुलना. गन ब्लूइंगसारखं, धातू काळा करून ठसा उठवणारं रसायन लावलं की डीएनए गेलाच समजा, त्यात आम्ल आणि तांबं दोन्ही असतात. बॅलेस्टिकवाले पुंगळी हाताळतात, मायक्रोस्कोपखाली बसवतात, मळ पुसतात, त्यात त्यांची चूक नाही, त्यांचं काम पिनच्या खुणा बघायचं आहे. म्हणून अर्जातच स्पष्ट लिहा की आधी डीएनए, नंतर बॅलेस्टिक.

बॅलेस्टिकचं महत्त्व कमी आहे असं कुणी समजू नका. ३० ऑगस्ट २०१५ ला आपल्या शेजारी धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली, ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरात गौरी लंकेश यांची, आणि ७.६५ एमएमच्या गोळ्या-पुंगळ्यांवरच्या खुणा जुळवून दोन्हीकडं पिस्तूल एकच असल्याचं कर्नाटकच्या प्रयोगशाळेने तपासात सांगितलं. पुंगळीवरच्या खुणा बंदूक सांगतात. काडतूस कुणी हाताळलं हे सांगायची ताकद मात्र फक्त ठसा आणि डीएनएत आहे, म्हणून दोन्ही पाहिजेत.

प्रयोगशाळेत आता नुसता स्वॅब फिरवण्यापेक्षा चांगल्या पद्धती आहेत. डच लोकांनी पुंगळी द्रावणात बुडवून काढायची पद्धत वापरली. अमेरिकेत एटीएफ ह्या बंदुका-स्फोटकांचे गुन्हे बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये धुवून मग स्वॅब घ्यायची पद्धत छापली, त्यांच्या द्रावणात तांब्याला पकडून ठेवणारे पदार्थ घातलेत, एक छोटं तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड आणि सोबत गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. कल्पना सोपी आहे, डीएनए उचलायच्या क्षणीच तांब्याचे हात बांधायचे. ईडीटीए नावाचं रसायन पण तांबं धरतं, पण ते जास्त झालं तर एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियमही धरून बसतं, म्हणून प्रमाण सांभाळावं लागतं. विद्यार्थ्यांनो, प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या, पितळी नळी, घामाचा हात, दोन-तीन द्रावणं, तुलना करा, बंदूक लागतच नाही. धारवाडात कर्नाटक विद्यापीठाचा फोरेन्सिकचा विभाग आहे, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या कॅम्पसचा पाया २०२३ च्या जानेवारीत तिथंच घातला गेला, म्हणजे आपल्या पोरांना ह्यासाठी लांब जायची गरज नाही.

सातवी पायरी: रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्टवर "प्रोफाइल मिळाली नाही" एवढंच दिसलं की बरेच जण फाइल मिटतात. थांबा, आत बघा, किंवा तज्ज्ञाला विचारा.

डीएनए मोजायची जी रिअल टाइम पीसीआरची टेस्ट असते तिच्यात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे डिग्रेडेशन इंडेक्स, छोट्या तुकड्याचं आणि मोठ्या तुकड्याचं प्रमाण. तो एकच्या आसपास असेल तर डीएनए अखंड आहे, जसजसा वाढतो तसतसे तुकडे झालेत, दहाच्या वर गेला तर फार वाईट अवस्था. दुसरं म्हणजे टेस्ट नीट चालते का बघायला आत मुद्दाम घातलेला ठरावीक डीएनए, म्हणजे कंट्रोल, उशिरा उठला का. तो उशिरा उठला तर डीएनए तुटलाय म्हणून नव्हे तर काहीतरी अडवतंय म्हणून निकाल येत नाहीय, पितळाच्या बाबतीत पहिला संशय तांब्यावर. मग नमुना परत स्वच्छ करून किंवा पातळ करून चालवता येतो. ह्या दोन आकड्यांवरून "मोडलेला" आणि "अडवलेला" हे वेगळं करता येतं, आणि अडवलेला वाचवता येतो! हे विचारणारा वकील किंवा तपास अधिकारी मला फार कमी दिसतो.

अर्धवट प्रोफाइल आली असेल तर लहान लांबीचे मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा, दिसतील आणि लांब मार्कर गळालेले असतील, ग्राफ उजवीकडं उतरत जातो. त्याचा अर्थ डीएनए तुटलाय, पण "उष्णतेने तुटला" असं ग्राफ सांगत नाही. तांबं, ऊन, ओलावा, बॅक्टेरिया, सगळ्यांचा उतार सारखाच दिसतो. कोर्टात कुणी उतार दाखवून "गोळीच्या जाळाने" असं म्हणालं तर कशावरून ते विचारा.

दोघा-तिघांचा मिसळलेला डीएनए आला तर घाबरू नका, काडतुसं विकणारा, भरणारा, चालवणारा वेगवेगळे असू शकतात. आणि हे उलट बाजूने पण लागू आहे, पुंगळीवर एखाद्याचा डीएनए मिळाला म्हणजे त्याने ते काडतूस हाताळलं असण्याची शक्यता आहे, हात मिळवून किंवा कपड्यावरून पण थोडा डीएनए सरकून येतो. त्यानेच गोळी झाडली हे एकट्या डीएनएवरून सिद्ध होत नाही. तसंच डीएनए नाही म्हणजे त्याने हात लावला नव्हता, असंही नाही. हे दोन्ही वाक्यं आरोपीच्या वकिलाला आणि सरकारी वकिलाला सारखीच लागू आहेत, आणि निरपराध माणूस अडकू नये म्हणून ती दोघांनीही पाळावीत असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडं अजून एक अडचण आहे. देशात डीएनए डेटाबेसचा कायदा नाही, २०१९ चं विधेयक २०२३ च्या जुलैमध्ये मागं घेतलं गेलं. त्यामुळं पुंगळीवरची प्रोफाइल कुठल्या यादीत टाकून नाव निघेल असं होत नाही, संशयिताचा नमुना मिळाला तरच जुळवता येते. घटना खानापुरात आणि संशयित चंदगडचा किंवा गोव्याचा असं आपल्याकडं होतंच, मग एक नमुना कर्नाटकच्या प्रयोगशाळेत आणि दुसरा महाराष्ट्राच्या, अशी वेळ येते. त्यात अडायचं कारण नाही. एसटीआर प्रोफाइल म्हणजे शेवटी आकड्यांची यादी, दोन्ही किटांत जे मार्कर सामाईक आहेत त्यांचे आकडे जुळवता येतात, फक्त दोन्ही रिपोर्टांत मार्करवार आकडे दिलेले पाहिजेत, नुसता "जुळतं" किंवा "जुळत नाही" असा शेरा घेऊ नका.

आणि निकाल लागला तरी उरलेलं द्रावण आणि पुंगळी दोन्ही जपून ठेवायला लेखी सांगा. आज अडवलेला नमुना उद्या तांबं पकडणाऱ्या पद्धतीने परत चालवायची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा पाकिटावरची तारीख, सील, आणि ते कुणाकुणाच्या हातातून गेलं त्याची नोंद हेच विचारलं जाईल.